आगीवर पसरणारा फेस

(नारायणगाव येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा छापील मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर विज्ञान शिकवायचे आणि फळ्यावर लिहिण्याआधी वर्गाबाहेर नेऊन दाखवायचे, असं त्यांच्या विद्यार्थ्यांकडून ऐकलं. म्हणून आजचा विषय मी पुस्तकातला न घेता तुमच्या रस्त्यावरचा आणि कारखान्याच्या आवारातला घेतला आहे. आग विझवायला वापरतात तो फेस, ज्याला आपली अग्निशमन दलाची मंडळी ‘फोम’ म्हणतात, तो कसा वाहतो आणि किती वेळ टिकतो, याबद्दल मी बोलणार आहे.

हाच विषय का, ते आधी सांगतो. २०२३ च्या फेब्रुवारीत इथून फार लांब नसलेल्या शेवगाव तालुक्यात गंगामाई कारखान्याच्या इथेनॉल प्रकल्पाला आग लागली. त्याच वर्षी १३ जूनला मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर लोणावळ्याजवळ कुणे पुलावर एक टँकर पेटला. जळतं रसायन पुलावरून खाली ओघळलं आणि खालच्या रस्त्यावरची माणसंही होरपळली. चार जीव गेले. तुमच्याकडे जुन्नर तालुक्यात विघ्नहर साखर कारखाना आहे, आंबेगाव तालुक्यात भीमाशंकर कारखाना आहे. राज्यातले सहकारी कारखाने साखरेच्या जोडीला इथेनॉलकडे वळले आहेत. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याची चाचणी २००१ मध्ये ज्या तीन ठिकाणी झाली, त्यांतली दोन आपल्याच राज्यातली होती, मनमाड आणि मिरज. तेव्हा पाच टक्क्यांची गोष्ट होती. आज पंपावर वीस टक्क्यांचं पेट्रोल मिळतं. ते घेऊन जाणारे टँकर मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा करत रोज तुमच्या दारावरून जातात.

म्हणजे या दोन तालुक्यांतलं इंधन बदललं आहे. त्यावर टाकायचा फेस बदलला का, एवढाच माझा प्रश्न आहे. तो नीट विचारायचा तर फेस म्हणजे काय हे समजून घ्यावं लागेल.

इथे बसलेल्या बऱ्याच जणांनी गुऱ्हाळ पाहिलं असेल. चुलवाणावरच्या काहिलीत रस उकळायला लागला की फेस वर चढतो. तो काठ ओलांडणार असं वाटलं की गुळव्या चार थेंब तेल सोडतो, कुठे एरंडेल, कुठे गोडंतेल. फेस खाली बसतो. कढईभर फेस चार थेंबांनी का बसावा? तेलाचा थेंब बुडबुड्याच्या पातळ पडद्यात शिरतो, तिथे पसरतो आणि पडदा फाडतो. गुळव्याच्या दृष्टीने हे वरदान आहे. अग्निशामकाच्या दृष्टीने हीच मोठी अडचण, कारण त्याला फेस टाकायचा आहे तो तेलावरच. कपडे धुण्याच्या पावडरीचा फेस पेटलेल्या पेट्रोलवर टाकून पाहिला तर तो काहिलीतल्या फेसासारखाच बसेल. तेव्हा आगीवरच्या फेसाची पहिली परीक्षा ही, की त्याला मारायला निघालेल्या पदार्थावरच त्याला जगता आलं पाहिजे.

आता त्याची घडण पाहू. शंभर लिटर द्रावण करायचं तर साधारण ९७ लिटर पाणी आणि तीन लिटर फोम कंपाऊंड. काही कंपाऊंड सहा टक्क्यांनी घालावी लागतात. हे द्रावण ब्रांचमधून, म्हणजे पाइपाच्या टोकाच्या नळीतून, हवा ओढत बाहेर पडतं आणि फुगतं. एका लिटरचा वीस लिटरपर्यंत फेस झाला तर तो कमी फुगवट्याचा, दोनशेपर्यंत मध्यम, त्यावर गेला तर जास्त फुगवट्याचा. जास्त फुगवट्याचा फेस तळघर किंवा गोदाम भरून टाकायला चांगला. उघड्यावर तो वाऱ्याने उडून जातो. टाकीवर आणि रस्त्यावर सांडलेल्या इंधनावर कमी फुगवट्याचाच लागतो. एका लिटरचे आठ लिटर झाले असं धरा. त्या फेसात साडेसत्त्याऐंशी टक्के हवा आहे, म्हणून तो पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हींवर तरंगतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी जातं आणि पेटतं इंधन वर उचलून पसरवतं. तेच पाणी फेसात बांधून ठेवलं की वर राहतं, वाफ कोंडतं आणि हळूहळू निथळत इंधन गार करतं.

हळूहळू हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण फेस तयार झाल्या क्षणापासून मरायला लागतो. त्याच्या मरण्याच्या तीन वाटा आहेत आणि तिन्ही एकदमच चालू असतात. पहिली निथळण्याची. बुडबुडे एकमेकांना भिडतात तिथे तीन-तीन पडदे मिळून बारीक पन्हळी तयार होतात. बेल्जियमच्या जोसेफ प्लॅटोने त्यांचा अभ्यास केला, आणि तोही दृष्टी गेल्यानंतर, इतरांच्या डोळ्यांनी प्रयोग पाहून. १८७३ मध्ये त्याचा ग्रंथ आला. फेसातलं पाणी या पन्हळींतून खाली उतरतं. दुसरी वाट म्हणजे लहान बुडबुडे मोठ्यांच्या पोटात जाण्याची. बुडबुडा जितका लहान तितका त्याच्या आतला दाब जास्त, म्हणून त्यातली हवा पडद्यातून झिरपून शेजारच्या मोठ्यात जाते. काही वेळाने बारीक दाण्याचा फेस जाड दाण्याचा होतो. तिसरी वाट पडदा फाटण्याची, गुळव्याच्या तेलाची.

आग या तिन्हींना मदत करते. पाण्याचा चिकटपणा २० अंशांना जेवढा असतो त्याच्या जवळपास तिसऱ्या हिश्शावर तो ८० अंशांना येतो. निथळणं तेवढंच वेगाने होतं. वरून ज्वाळेची धग पाणी उडवते, खालून इंधनाची वाफ बुडबुड्यांत शिरते. म्हणून फेसाची प्रत ठरवताना एक साधं माप घेतात, त्यातलं चतुर्थांश पाणी निथळायला किती वेळ लागला. काही फेसांना दोन-चार मिनिटं लागतात, काहींना दहा-पंधरा मिनिटांहून जास्त. मोजपात्र, घड्याळ आणि तळाला तोटी असलेलं भांडं एवढ्यात ही चाचणी होते. शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येईल.

मग जितका जास्त वेळ टिकणारा तितका फेस चांगला, असं तुम्हाला वाटेल. इथे वाहण्याची गोष्ट आडवी येते.

गोल गोळे आडवेतिडवे कोंबून भरले तर ते साधारण ६४ टक्के जागा व्यापतात. फेसात हवेचं प्रमाण त्याच्या वर गेलं की बुडबुडे एकमेकांना दाबून चपटे होतात आणि अडकून बसतात. हवा आणि पाणी, दोन्ही वाहणारे पदार्थ, पण त्यांचा फेस ढीग करून ठेवला तर ढीग तसाच राहतो. त्याला ढकलायला एक किमान जोर लागतो. त्या जोराखाली तो घट्ट, त्याच्या वर गेला की वाहतो, आणि जितकं जोरात ढकलावं तितका सैल पडतो. नळीतून जाताना तर गंमत अशी, की फेसाचा मधला गाभा अखंड गोळ्यासारखा सरकतो आणि भिंतीलगतच्या पाण्याच्या पातळ थरावर सगळी घसरण होते.

टाकीवर याचा अर्थ काय? काठावरच्या तोंडातून फेस सोडला तर तो पेटलेल्या पृष्ठभागावरून पसरत पलीकडच्या काठापर्यंत पोचला पाहिजे. फार ताठ फेस जिथे पडला तिथेच ढीग घालतो, पलीकडे आग तशीच. फार पातळ फेस पटकन पसरतो, पण पोचेपर्यंत निथळून संपतो. दोन्ही बाजूंनी ओढाताण आहे, आणि वाटेत ज्वाळा त्याला खात असतात. म्हणून साधारण तीस मीटरपलीकडे फेस आपणहून पसरत जाईल असा भरवसा तंत्रज्ञ धरत नाहीत. २००१ च्या जूनमध्ये अमेरिकेत लुइझियानातल्या नॉर्को इथे पेट्रोलची ८२ मीटर व्यासाची टाकी संपूर्ण पेटली होती. तिथे मोठ्या मॉनिटरमधून, म्हणजे तोफेसारख्या बसवलेल्या नळीतून, फेसाचे झोत टाकीच्या मध्यावर अशा बेताने टाकले, की पडलेल्या जागा एकमेकींना भिडतील आणि फेसाला दोन्ही काठांकडे थोडंच अंतर कापावं लागेल. फेस सुरू केल्यापासून पासष्ट मिनिटांत ती आग विझली. जमवाजमव करायला मात्र कित्येक तास लागले होते. पुरेसा फेस हाताशी येईपर्यंत सुरुवातच करायची नाही, हा त्यातला शहाणपणा. अर्ध्यावर फेस संपला तर आधीचा सगळा फुकट जातो, हे मी पुन्हा सांगणार आहे.

फेसाचा इतिहास मोठा आहे, मी त्यातले तीनच टप्पे सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाकूच्या तेलक्षेत्रात अलेक्झांडर लोरान नावाच्या रशियन अभियंत्याने खाण्याचा सोडा आणि ॲल्युमिनियम सल्फेट एकत्र आणून फेस केला. तो टिकावा म्हणून त्यात घातलं ज्येष्ठमध. ज्येष्ठमधात, आपल्या रिठ्यात, शिकेकाईत एकाच जातीची फेसाळणारी द्रव्यं असतात. नंतर प्राण्यांची शिंगं आणि खूर यांच्या प्रथिनांपासून फेस निघाला. दुसऱ्या महायुद्धात पर्सी ज्युलियन या कृष्णवर्णीय अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने वेगळं काढलेलं सोयाबीनचं प्रथिन अमेरिकी नौदलाच्या फेसात गेलं. खलाशी त्याला ‘बीन सूप’ म्हणत. तिसरा टप्पा १९६० च्या दशकातला. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेने आणि थ्रीएम कंपनीने फ्लोरिनयुक्त रसायनांचा फेस काढला. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, पेट्रोलचा बावीसच्या आसपास. या नव्या द्रावणाचा सोळा ते अठरा. पेट्रोलपेक्षाही कमी! त्यामुळे फेसातून निथळलेलं पाणी बुडण्याऐवजी पेट्रोलवरच पातळ पापुद्रा होऊन आपोआप पसरतं. निथळणं, जो फेसाचा दोष, तोच इथे कामाला आला.

२९ जुलै १९६७ रोजी ‘फॉरेस्टल’ या विमानवाहू जहाजावर आग लागली आणि १३४ खलाशी मेले. तिथे काही जण फेस टाकत होते आणि दुसरे काही समुद्राच्या पाण्याचे झोत मारून तोच फेस धुऊन काढत होते. पाण्याबरोबर पेटतं इंधनही खालच्या मजल्यांवर वाहत गेलं. त्यानंतर नौदलाने नवा फेस आणि त्याचं प्रशिक्षण दोन्ही मनावर घेतलं. गावात आग लागली की प्रत्येक जण आपापला पाइप घेऊन धावतो. धावून जाणं चांगलंच. पण जिथे फेस पसरला आहे तिथे पाण्याचा झोत मारायचा नाही, एवढं प्रत्येक पंपावरच्या पोराला माहीत असायला हवं.

आता इथेनॉल. पेट्रोल आणि पाणी मिसळत नाहीत. इथेनॉल आणि पाणी मात्र हव्या त्या प्रमाणात मिसळतात. साधा फेस इथेनॉलवर पडला की इथेनॉल त्यातलं पाणी ओढून घेतं आणि बुडबुड्यांचे पडदे विरघळतात. पेट्रोलवरचा तो नामी पापुद्राही इथे तयार होत नाही. मग नुसतं पाणीच ओतून इथेनॉल पातळ करावं, असं कुणी म्हणेल. पाचात एक भाग अल्कोहोल उरेपर्यंत पातळ केलं तरी आपल्या एप्रिल-मेच्या दुपारी ते पेट घेण्याइतकी वाफ देतं. भरलेली टाकी तिच्या चौपट पाणी ओतून पातळ करायची, तर ती कधीच वरून वाहायला लागलेली असेल. शुद्ध इथेनॉलला पेट घ्यायला १३ अंश पुरतात. थंडीतल्या पहाटा सोडल्या तर जुन्नरचं हवामान वर्षभर त्याला अनुकूल आहे. शिवाय त्याची ज्वाळा निळसर, फिकी. भर उन्हात नजरेला पडत नाही.

यावरचा तोडगा तुमच्या गुऱ्हाळाच्या फार जवळचा आहे. रस साफ करायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, तो मळी धरून वर आणतो. तो चिकटपणा म्हणजे लांब साखळ्यांची शर्करा. पाण्यात ती विरघळते, अल्कोहोलमध्ये नाही. भेंडीच्या चिकट पाण्यात स्पिरिट ओता, धागे-गोळे होऊन ती वेगळी पडते. इथेनॉलसाठीच्या फेसात याच कुळातला झँथन डिंक घालतात. असा फेस अल्कोहोलवर पडला की सर्वांत खालचा थर मरतो, पण मरताना आपला डिंक पृष्ठभागावर सोडून जातो. त्याचा बुळबुळीत पडदा तयार होतो आणि पुढचा फेस त्या पडद्यावर सुखरूप बसतो. झँथन तयार होतो तोही साखर आंबवूनच, फक्त यीस्टऐवजी एका जिवाणूकडून. एका सूक्ष्मजीवाने साखरेतून काढलेलं द्रव्य पेटतं आणि दुसऱ्याने काढलेलं ते विझवतं, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

पण पडदा तयार व्हायला फेस हळुवार उतरला पाहिजे. अल्कोहोलच्या टाकीत झोत खुपसला तर फेस आत बुडतो, घुसळला जातो आणि पडदा धरत नाही. टाकीच्या आतल्या भिंतीवरून घसरत आणावा, नाहीतर समोरच्या जमिनीवर पाडून लोटत न्यावा. तेलाच्या टाक्यांना तळातून फेस सोडण्याची एक पद्धत आहे, इथेनॉलला ती चालत नाही. आणि पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांहून जास्त इथेनॉल असेल तर अल्कोहोल सोसणाराच फेस वापरावा, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. आपलं पेट्रोल वीस टक्क्यांचं झालं. याचा अर्थ हा प्रश्न कारखान्याच्या कुंपणाआड राहिला नाही. महामार्गावर उलटलेल्या टँकरकडे जाणाऱ्या बंबात कोणतं कंपाऊंड भरलं आहे, यावर तो येऊन ठेपला.

थोडा हिशेब करू. दहा मीटर व्यासाची टाकी घ्या. पृष्ठभाग साडेअठ्ठ्याहत्तर चौरस मीटर. मॉनिटरने फेस टाकायचा तर पेट्रोलसारख्या इंधनाला दर चौरस मीटरला मिनिटाला साडेसहा लिटर द्रावण धरतात. म्हणजे मिनिटाला सुमारे ५१० लिटर, आणि पासष्ट मिनिटं न थांबता. एकूण तेहतीस हजार लिटर. तीन टक्क्यांनी हजार लिटर कंपाऊंड, सहा टक्क्यांनी दोन हजार. दोनशे लिटरची पाच किंवा दहा पिंपं. इथेनॉलला दर याहून जास्त लागू शकतो, आणि वाया जाणारा फेस धरून साठा वेगळा हवा. भिंतीवर टांगलेली दोन नळकांडी पाहून ‘फोम आहे’ असं म्हणणाऱ्यांना हा हिशेब दाखवावा.

आणखी एक पेच कारखान्यातच आहे. इथेनॉलच्या टाक्यांपासून काही अंतरावर बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा, डोंगर असतो. बगॅसची आग आत धुमसते. वरून मारलेलं पाणी ओघळून जातं, आत शिरत नाही. तिथे पाण्यात अगदी थोडं, टक्क्याहूनही कमी, फेसाळणारं द्रव्य घातलं की पाण्याचा पृष्ठताण उतरतो आणि ते चिपाडात मुरतं. तिथे भरभर निथळणारा ओला फेस हवा. पन्नास पावलांवर इथेनॉलला सावकाश निथळणारा, डिंकाचा फेस हवा. एकाच आवारात दोन उलट गुणांचे फेस, आणि खरेदीच्या कागदावर दोन्हींचं नाव ‘फोम’. भीमाशंकरकडच्या डोंगरांवर उन्हाळ्यात लागणाऱ्या वणव्यालाही हा ओला फेस गुणकारी ठरेल, पण कड्यावर पाणीच नसतं. तिथे जाळरेषा आणि हिरव्या फांद्या घेतलेली माणसंच कामाची. सगळीकडे फेस हे उत्तर नव्हे.

शेवटचा भाग पाण्याचा आहे, आणि माझ्या मते तो तुमच्यासाठी सगळ्यांत जिव्हाळ्याचा. तो पापुद्रा पसरवणारी फ्लोरिनयुक्त रसायनं निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. कार्बन आणि फ्लोरिनचा बंध फार बळकट. फेस तासाभरात निथळून जातो, ही द्रव्यं जमिनीत, विहिरीत, रक्तात पिढ्यानपिढ्या राहतात. थ्रीएमने त्यांतल्या पीएफओएसचं उत्पादन थांबवण्याचं २००० मध्ये जाहीर केलं. स्टॉकहोम कराराच्या यादीत ते २००९ मध्ये आणि त्याच कुळातलं पीएफओए २०१९ मध्ये आलं. भारत त्या करारात आहे.

तुम्ही नदीच्या उगमाकडची माणसं आहात. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही पाच धरणं या दोन तालुक्यांत आहेत, आणि त्यांचं पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं. एका आगीत वापरलेलं तेहतीस हजार लिटर द्रावण टाकीभोवतीच्या बंधाऱ्यात अडलं नाही, तर ते ओढ्याने कुठे जाणार हे तुम्हाला सांगायला नको. सरावाच्या वेळी शेताकडेला सोडलेल्या फेसालाही हेच लागू. सरावासाठी वेगळा, फ्लोरिन नसलेला फेस मिळतो.

विझवण्यासाठीही आता फ्लोरिनविरहित फेस येत आहेत. त्यांच्यात पापुद्र्याचा आधार नाही. सगळी मदार बुडबुड्यांच्या टिकण्यावर आणि वाहण्यावर. म्हणून आतापर्यंत सांगितलेलं निथळणं, ताठरपणा, पसरणं हे सगळं त्यांच्या बाबतीत दुपटीने मोलाचं. एका इंधनावर उत्तम ठरलेला असा फेस दुसऱ्यावर कमी पडतो, एका ब्रांचमधून छान फुगतो आणि दुसऱ्यातून पाण्यासारखा पडतो. त्यांची काही कंपाऊंड इतकी दाट असतात, की पाण्यात कंपाऊंड मिसळणारा जुना इंडक्टर ती पुरेशी ओढूच शकत नाही. तीन टक्क्यांऐवजी दीड टक्का जातं, आणि फेस मात्र बघायला पांढराशुभ्र दिसतो. नुसतं पिंप बदलून हा बदल होत नाही. इंडक्टर, ब्रांच, दर, सराव, सगळं पुन्हा तपासावं लागतं.

कारखान्याचे सभासद इथे बरेच आहेत. वार्षिक सभेत उसाच्या भावावर बोलून झालं की चार प्रश्न विचारा. कंपाऊंड अल्कोहोल सोसणारं आहे का? साठा किती मिनिटांचा? चतुर्थांश निथळण्याची चाचणी शेवटची कधी झाली आणि किती मिनिटं आली? बंधाऱ्यात अडलेलं फेसाचं पाणी नंतर कुणाच्या ताब्यात जाणार? उत्तर तोंडी घेऊ नका, चाचणीचा कागद मागा. त्यावर तारीख, पाण्याचं तापमान आणि कोणत्या ब्रांचमधून फेस केला ते लिहिलेलं असतं. नसेल, तर ती चाचणी झालेली नाही असं धरा.